कांद्याचा पापुद्रा, डीएनएचे धागे आणि रिकामं जेल

या वेळच्या पत्रांत नववीच्या प्रयोगवहीपासून एम.एस्सी.च्या प्रबंधापर्यंत सगळं आलं आहे. तीन-चार जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली होती, ती एकत्र केली आहे. "महागडं किट आणलं तर होईल का?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, की आलेल्या तक्रारींपैकी एकही किटने सुटणारी नाही. बहुतेकांचं मूळ पाण्यात, तापमानात किंवा घाईत आहे.

मुलीला शाळेसाठी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करायची आहे. पेशींच्या भिंती दिसतात, केंद्रक दिसत नाही. काळ्या कडेचे गोल मात्र भरपूर दिसतात. तीच केंद्रकं का? (एक पालक, लोकमान्यनगर, इंदूर)

नाही, ते हवेचे बुडबुडे आहेत. जाड काळी कड आणि आत लख्ख उजेड ही त्यांची खूण. केंद्रक भिंतीला चिकटून एका बाजूला बसलेलं, फिकट आणि किंचित दाणेदार दिसतं.

कांद्याच्या मांसल पाकळीची आतली, खोलगट बाजू घ्या. पाकळी मोडली की तिथला पापुद्रा आपोआप सुटतो. तो लगेच पाण्यात टाका, नाहीतर वाळून गुंडाळतो. नखाएवढा तुकडा स्लाइडवर पाण्याच्या थेंबात सपाट पसरा. मग पाणी टिपकागदाने टिपून आयोडीनचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. कव्हरस्लिप आडवी टाकू नका. एक कड टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणा, म्हणजे हवा दुसऱ्या कडेने निघून जाते.

एवढं करूनही केंद्रक दिसलं नाही, तर दोष बहुधा उजेडाचा असतो. मायक्रोस्कोपच्या टेबलाखालची झडप मुलं पूर्ण उघडी ठेवतात आणि फिकट गोष्टी त्या प्रकाशात धुऊन जातात. झडप अर्धी मिटा.

जाता जाता पेशीची लांबीही मोजता येईल. नेत्रभिंगावर १०×/१८ असं लिहिलेलं असेल, तर १८ला वस्तुभिंगाच्या आकड्याने भागा. १०च्या वस्तुभिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १.८ मि.मी. येतो. त्यात टोकाला टोक लागून सहा पेशी मावल्या, तर एक पेशी ०.३ मि.मी. लांब. शाळेच्या वहीत असा आकडा सहसा नसतो, पण असायला हवा.

विज्ञान मेळाव्यात केळ्यातून डीएनए काढून दाखवला. स्पिरिट ओतल्यावर पांढरा लगदा वर आला. एका आजोबांनी विचारलं, "हा डीएनएच कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय एका गटाने सॅनिटायझर वापरला, त्यांना काहीच मिळालं नाही. (शिक्षिका, राजेंद्रनगर)

आजोबांची शंका रास्त आहे. केळ्याच्या लगद्यात पेक्टिन भरपूर असतं आणि अल्कोहोलमध्ये तेही पांढरं होऊन वर येतं. जोडीला आरएनए आणि प्रथिनं असतात. बुडबुड्यांनी भरलेला, जेलीसारखा, काडीवरून घसरणारा गोळा बहुतांशी पेक्टिनचा समजावा. डीएनए असेल तर लांब, चिवट तंतू काडीभोवती गुंडाळले जातात. अर्थात हा नुसता अंदाज झाला. खात्री हवी असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत डायफेनिलअमाइनची चाचणी करावी लागते. १ ग्रॅम डायफेनिलअमाइन १०० मि.लि. ग्लेशियल असेटिक आम्लात विरघळवतात आणि त्यात सुमारे २.५ मि.लि. संहत सल्फ्युरिक आम्ल घालतात. नमुन्यासह उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की डीएनए निळा रंग देतो. आरएनए किंवा पेक्टिन निळं होत नाही. ही आम्लं मेळाव्याच्या टेबलावर मात्र आणायची नाहीत.

आमचं मत विचाराल तर केळं सोडा आणि फुलकोबी घ्या. तिच्या गड्ड्याचा वरचा भुरभुरीत थर वाढत्या, लहान पेशींचा असतो. प्रत्येक पेशीत एक केंद्रक असल्यामुळे पेशी लहान असल्या की तेवढ्याच वजनात डीएनए जास्त मिळतो. चाकूने वरचे दोन-तीन मिलिमीटर खरवडून ५० ग्रॅम गोळा करा.

१०० मि.लि. पाण्यात ३ ग्रॅम मीठ विरघळवा आणि भांडी घासायचा द्रव साबण १० मि.लि. घाला. फेस होऊ न देता ढवळा. बोरिंगचं जड पाणी इथे वापरू नका. त्यातल्या मॅग्नेशियमवर डीएनए कापणारी विकरं (एन्झाइम) चालतात. आरओचं पाणी पुरेल. या द्रावणात कोबीचा भुगा घालून भांडं ६० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. साबण पेशीची आणि केंद्रकाची स्निग्ध आवरणं विरघळवतो आणि उष्णता ती विकरं निकामी करायला मदत करते. वेळ वाढवली तर डीएनएचेच तुकडे पडू लागतात. मग भांडं पाच मिनिटं बर्फात ठेवा. मिक्सर फक्त पाच सेकंद. मेळाव्यांतली बरीच अपयशं इथली आहेत, कारण मिक्सर मिनिटभर फिरवला की लांब तंतू तुटतात, आणि तुटका डीएनए काडीवर गुंडाळला जात नाही. गाळताना फडकं पिळू नका, नाहीतर लगदाही खाली येईल.

गाळलेल्या १० मि.लि. द्रवात ताज्या अननसाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाकून दोन मिनिटं थांबा. त्यातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं. डबाबंद अननसाचा उपयोग नाही, कारण डब्यात भरताना दिलेल्या उष्णतेत ते विकर गेलेलं असतं.

आता अल्कोहोल. डीएनएच्या कण्यावरच्या फॉस्फेटचा ऋण प्रभार मिठातला सोडियम झाकतो आणि अल्कोहोल पाण्याची पकड सैल करतं, तेव्हा डीएनए बाहेर येतो. मात्र मिश्रणात अल्कोहोल साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास जायला हवं. १० मि.लि. गाळात ९५ टक्क्यांचं २० मि.लि. इथेनॉल घातलं तर हिशेब ६३ टक्क्यांवर येतो. ७० टक्क्यांचा सॅनिटायझर तेवढाच घातला तर जेमतेम ४७. वर त्यातला घट्ट करणारा पदार्थ सगळं गढूळ करून ठेवतो. तुमच्या त्या गटाला काही मिळालं नाही ते यामुळे. आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळालं तर गाळाइतकंच पुरतं. ते ९९ टक्क्यांचं असल्याची खात्री बाटलीवर वाचून करा. दुकानदार "स्पिरिट" म्हणून काहीही देतो, मग तो दवा बाजारातला असो की सियागंजातला.

अल्कोहोल बर्फासारखं गार हवं, पण बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. आत वाफ साठते आणि फ्रिजच्या ठिणगीने पेटू शकते. बर्फ आणि मीठ घातलेल्या बादलीत बाटली अर्धा तास ठेवली की झालं. आसपास मेणबत्ती किंवा स्पिरिटचा दिवा नको. अल्कोहोल परीक्षानळीच्या भिंतीवरून, नळी तिरकी धरून सोडा आणि दोन्ही थर वेगळे राहू द्या. तंतू त्या दोन थरांच्या सीमेवर दिसतात. मुलांना हेही सांगा, की डीएनएचा एकटा धागा २ नॅनोमीटर रुंद असतो, तो डोळ्यांना दिसणं शक्य नाही. काडीवर आहेत ते असंख्य धाग्यांचे गुंते.

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड तीनदा केली. सगळ्या पेशी सारख्याच, विभाजनाची एकही अवस्था नाही. सर म्हणतात वेळ चुकली. (बी.एस्सी. द्वितीय वर्ष, रामबाग)

वेळेला नावं ठेवण्याआधी टोक नक्की कुठलं घेतलंत ते पाहा. विभाजन चालतं ते मुळाच्या शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये, टोपीच्या लगेच मागे. त्याच्या वरच्या पेशी नुसत्या लांबतात. बरेच विद्यार्थी सेंटिमीटरभर मूळ कापतात, आम्लात मऊ झाल्यावर चिमट्याने उचलताना टोक गळून पडतं, आणि उरलेला देठ काचेवर येतो. आम्लातून काढल्यावर टोक बाकीच्या मुळापेक्षा पांढरट, अपारदर्शक दिसतं. तेवढंच ब्लेडने कापून घ्या.

सुरुवातीपासून पाहू. कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडून काढा. कांदा बाटलीच्या तोंडावर असा ठेवा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल. पाणी रोज बदला. मुळं दीड-दोन सेंटिमीटर झाली की लगेच कापा, कारण लांब वाढलेल्या मुळांत विभाजन मंदावतं. ग्लेशियल असेटिक आम्ल १ भाग आणि शुद्ध अल्कोहोल ३ भाग या मिश्रणात चोवीस तास ठेवा. हे मिश्रण त्याच दिवशी करायचं. शिळं झालं की आम्ल आणि अल्कोहोल एकमेकांशी जुळून त्यात एस्टर तयार होतं. नंतर टोकं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली तर आठवडाभर काळजी नाही.

मुळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, त्या सोडवायला १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ६० अंशांवर सात-आठ मिनिटं. संहत आम्ल ८.६ मि.लि. पाण्यात घालून १०० मि.लि. करा. पाणी आम्लात ओतायचं नाही, हे लिहायची गरज नसावी, पण लिहितो. वेळ कमी पडली तर पेशी गठ्ठ्यानेच राहतात, जास्त झाली तर रंग धरत नाहीत. पाण्यात धुऊन टोक १ टक्का असेटोकार्माइनमध्ये (गुणसूत्रं रंगवणाऱ्या लाल रंगात) ठेवा आणि गंजक्या सुईने टोचा. गंज चालतो, कारण त्यातल्या लोहाने कार्माइनचा रंग गडद होतो. म्हणूनच जुन्या प्रयोगशाळांत एक गंजकी सुई जपून ठेवलेली असते. स्लाइड दिव्यावरून दोन-तीनदा फिरवा, उकळू देऊ नका. कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलीच्या बोथट टोकाने हलकेच ठोका, मग टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा घसरला की पेशी लाटल्या जातात आणि सगळं वाया.

आता सरांच्या मुद्द्याबद्दल. दिवसातल्या वेळेनुसार विभाजन कमी-जास्त होतं हे खरं, आणि म्हणूनच सकाळी दर अर्ध्या तासाने चार-पाच टोकं कापून वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवलेली बरी. पण उत्तम स्लाइडमध्येही बहुतेक पेशी विभाजनाबाहेरच्याच असतात. ५०० पेशी मोजल्या आणि ४० विभाजनात सापडल्या, तर विभाजनाचा निर्देशांक ८ टक्के. त्यातही पूर्वावस्था जास्त, मध्यावस्था थोड्या. कांद्याची १६ गुणसूत्रं मोजायची असतील तर मुळं कापल्यावर, मिश्रणात टाकण्याआधी, ०.०५ टक्के कोल्चिसीनमध्ये तीन तास ठेवतात. तर्कूचे धागे तयार होत नाहीत आणि पेशी मध्यावस्थेत अडकतात. कोल्चिसीन विषारी आहे, हातमोजे हवेतच.

तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं असं मुलाच्या पुस्तकात आहे. मग रक्तातून डीएनए चाचणी कशी होते? (गृहिणी, सुदामानगर)

पांढऱ्या पेशींमधून. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. ६,००० धरल्या तर १ मि.लि. रक्तात साठ लाख. एका पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे एकूण ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास. एका चाचणीला यातला अगदी थोडा लागतो. तांबड्या पेशी प्रयोगशाळेत आधी फोडून टाकतात, कारण त्यांचं हीम (लोह असलेलं लाल द्रव्य) पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायच्या प्रक्रियेच्या, आड येतं. रक्त जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या नळीत घेतात. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपारिनही पीसीआर अडवतं. कोंबडीच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असतं, हे मुलाला सांगा, त्याला आवडेल.

जेलमध्ये निळा रंग व्यवस्थित पळाला, पण यूव्हीखाली काहीच नाही. दुसऱ्यांदा केलं तर नुसता फराटा. (एम.एस्सी. विद्यार्थी, खंडवा रोड, असंच एक पत्र देवासहून)

जेलमध्ये वीज सोडून डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करतात. नमुन्यात मिसळलेला निळा रंग पळाला म्हणजे वीज वाहिली आणि दिशा बरोबर होती, एवढंच कळतं. हा रंग, ब्रोमोफिनॉल ब्लू, डीएनएला चिकटत नाही, तो स्वतंत्र धावतो. १ टक्का जेलमध्ये तो साधारण ३०० ते ५०० बेस-जोड्यांच्या तुकड्याबरोबर असतो.

काहीच दिसलं नाही, तर आधी बाजूची लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची रांग, पाहा. लॅडरही नसेल तर दोष रंगवण्यात आहे. डीएनएला यूव्हीखाली चमकवणारं इथिडियम ब्रोमाइड घालायचं राहिलं असेल. प्रमाण ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., आणि अॅगॅरोज ५५-६० अंशांवर उतरल्यावर, म्हणजे फ्लास्क हाताला सोसेल इतका झाल्यावर. हातमोजे काढायचे नाहीत, आणि त्याच हातमोज्यांनी दाराची कडी धरायची नाही. लॅडर असेल आणि नमुना नसेल, तर डीएनए कमी पडला, किंवा पिपेटच्या टोकाने नमुना ओतायच्या खाचेचं बूड फुटून नमुना खाली गेला. नमुन्याला अल्कोहोलचा वास येत असेल तर तो खाचेत बसतच नाही, तरंगून निघून जातो. ७० टक्के अल्कोहोलने धुतल्यावर नळी उघडी ठेवून पुरती वाळवा.

फराट्याची कारणं वेगळी. डीएनए तुटलेला असेल तर वरपासून खालपर्यंत सलग पट्टा येतो. वर ठळक रेघ आणि तळाशी धूसर ढग असेल तर तो ढग आरएनएचा, आरएनेज (आरएनए कापणारं विकर) घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलं की जातो. खाचेतच चकाकी अडकली असेल तर प्रथिनं राहिली आहेत. आणि पुष्कळांना पटत नाही ते कारण म्हणजे जास्त डीएनए. एका खाचेत एखाद-दोन मायक्रोग्रॅम ओतले की कुठलाही चांगला नमुना फराट्यासारखा दिसतो. १०० नॅनोग्रॅम पुरे.

देवासच्या पत्रात "टीएई नळाच्या पाण्यात केला" असं लिहिलंय. टीएई म्हणजे जेल ज्यात बुडवून चालवतात ते द्रावण. १× टीएईमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणारा ईडीटीए फक्त १ मिलिमोलर असतो. पाण्याचा जडपणा ३०० मि.ग्रॅ. प्रति लिटर असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ३ मिलिमोलर होतं. ईडीटीए तिथेच संपला आणि विकरांना रान मोकळं. ऊर्ध्वपातित पाणीच घ्या. ५०×चा साठा करायचा असेल तर १ लिटरला ट्रिस २४२ ग्रॅम, ग्लेशियल असेटिक आम्ल ५७.१ मि.लि. आणि ०.५ मोलर ईडीटीए १०० मि.लि.. हा ईडीटीए पाण्यात विरघळत नाही म्हणून दोघांनी तक्रार केली आहे. तो सामू ८च्या जवळ येईपर्यंत विरघळणारच नाही. ढवळत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या घालत राहा, लिटरला १८६.१ ग्रॅम डायसोडियम ईडीटीएसाठी जवळजवळ २० ग्रॅम लागतात.

व्होल्टेज दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतरावरून ठरवा, सेंटिमीटरला ५. अंतर १५ सेंटिमीटर असेल तर ७५ व्होल्ट. संध्याकाळी लाइट जाईल या धास्तीने लोक १५० लावतात. मग जेलचा मधला भाग तापतो, तिथल्या पट्ट्या पुढे धावतात आणि सगळी रांग वाकते. मे महिन्यात तर टाकी आधीच कोमट असते.

पीसीआरमध्ये पाण्याच्या नियंत्रण नळीतही पट्टी येते. (संशोधन सहायक, इंदूर)

ती पट्टी कुठल्या आकाराची? १०० बेस-जोड्यांच्या खाली, धूसर असेल तर प्रायमर (जिथून प्रत सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांना चिकटून झालेली आहे. अशा वेळी प्रायमर कमी करा किंवा जोडणीचं तापमान दोन-तीन अंश वाढवा. नमुन्याइतक्याच आकाराची असेल तर संसर्ग. तीस फेऱ्यांत एका रेणूचे हिशेबाने १०७ कोटी होतात. झालेली नळी उघडताना उडालेला न दिसणारा तुषारही पुरतो. म्हणून पीसीआर झालेल्या नळ्या मिश्रण करण्याच्या टेबलावर कधीच उघडू नयेत. जेलसाठी वेगळा पिपेट, वेगळी जागा.

शोधताना सगळं एकदम बदलू नका. आधी पाणी नवं, मग बफर, मग प्रायमर. पाणीच दोषी निघण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण सगळे त्याच बाटलीत टिप घालतात. २५ मायक्रोलिटरच्या नळीत पाणी १८.८ असतं, बाकी १०× बफर २.५, १० मिलिमोलर डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) ०.५, १० मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर १-१, टॅक (प्रती बनवणारं विकर) ०.२ आणि नमुना १. पाण्याचे छोटे हिस्से करून ठेवा, वापरलेला हिस्सा फेकून द्या. तुम्ही १६एस या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचे प्रायमर वापरत असाल आणि ३५च्या वर फेऱ्या देत असाल, तर एक शक्यता वेगळी आहे. टॅक विकर जिवाणूंमध्येच बनवतात, त्यांचा किंचित डीएनए त्यात राहतो, आणि तोच वाढतो. फेऱ्या कमी करून पाहा.

थोडक्यात

"२६० नॅनोमीटरला ०.१२ वाचन आलं, नमुना ५० पट पातळ केला होता. डीएनए किती?" वाचन १ आलं तर डीएनए ५० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., म्हणून ०.१२ × ५० × ५०, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. क्युव्हेट (नमुना ठेवायची चौकोनी नळी) क्वार्ट्झचीच हवी, साधी काच २६०वर प्रकाश स्वतःच शोषते. २६०/२८०चं गुणोत्तर १.८ ठीक, १.६ आलं तर प्रथिनं किंवा फिनॉल राहिलं आहे.

"सोयाबीनच्या पानांचा डीएनए तपकिरी येतो." पानातली फिनॉलं हवेने काळी पडून डीएनएला चिकटतात. कोवळी पानं घ्या, सीटीएबी (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) बफरमध्ये १ ते २ टक्के पीव्हीपी (फिनॉलं पकडणारं रसायन) आणि वापरायच्या आधी ०.२ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घाला, फ्यूम हूडखाली.

"सीटीएबीची बाटली जानेवारीत पांढरी घट्ट झाली, फेकू का?" नका फेकू. सुमारे १५ अंशांच्या खाली सीटीएबी बाहेर पडतं आणि माळव्यातल्या थंडीत सकाळी खोली तेवढी गार होते. बाटली ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून पारदर्शक होऊ द्या. याच कारणासाठी सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर लावू नका. क्लोरोफॉर्मची पायरी होईपर्यंत सगळं खोलीच्या तापमानाला, २०-२५ अंशांवर चालू द्या.